अभिनवचा लाल टॅग

शामराव पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले, पण कारखाना काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाला नाही. दुरुस्तीला यंत्रात उतरणारा माणूस बटणावर स्वतःच्या नावाचा लाल टॅग बांधतो, म्हणजे आत माणूस असताना कोणी यंत्र चालू करू नये, आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, हा नियम म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. रिसाली वस्तीतल्या आपल्या घरात फ्रिज पुसतानाही टॅग! शेजारी हसायचे, हसोत बापडे.

त्यांचा मुलगा अभिनव दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेला. आता त्याच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्कही गेली. त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग तेवढं त्यातच होतं, आणि त्याच्या आईला, कांताबाईंना, हल्ली मुलाचा आवाज आठवेनासा झाला होता. याहून वाईट काय असतं? नशिबाने कपाटात अभिनवने करून ठेवलेली बॅकअप इमेज सापडली: अख्ख्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल, एका छोट्या डिस्कवर. वायरला लाल टॅग, त्यावर अभिनवची सही. बापाची थट्टा, दुसरं काय.

दुपारी पुतण्या गौरव नवी हार्ड डिस्क बसवायला आला. त्याने टॅगला हात घातला तसे शामराव ओरडले, "हात नको लावू! ज्यानं बांधला तोच सोडन."

"मोठेबाबा, भैया अब कैसे..." गौरवने हात मागे घेतला.

"मले त्याचा आवाज आठवून नाही राहिला हो," कांताबाई म्हणाल्या. "तुमच्या कायद्याले मी काय चाटू?"

टॅगवाला माणूस सापडत नसेल तर काय करायचं, हे शामराव जाणून होते. यंत्राजवळ जाऊन त्याच्या नावाने हाका मारायच्या. ओ आली नाही, तरच वरिष्ठाने टॅग सोडायचा. ते काळ्या स्क्रीनपुढे वाकले.

"अभिनव! अभिनव बेटा! आत आहेस का रे?"

ओ आली नाही. वरिष्ठ म्हणून त्यांनीच गाठ सोडली.

गौरवने इमेज नव्या डिस्कवर चढवायला घेतली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली, दोनदा अडली, तेव्हा कांताबाईंनी देवाला नाही नाही ते बोल लावले. शेवटी मशीन सुरू झालं. सगळं अभिनवने ठेवलं तसंच. त्याचं मरण त्या मशीनला ठाऊकच नव्हतं.

गौरवने रेकॉर्डिंग लावलं.

"आई, ए आई! इकडे ये ना, काय करून राहिली?"

"आली रे, आली!" कांताबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत धावल्या, आणि स्क्रीनपुढे येऊन थबकल्या. मग त्या रडल्या, पोटभर.

बऱ्याच वेळाने गौरवने मशीन बंद करायला हात पुढे केला. शामरावांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"बंद नको करू," ते हळूच म्हणाले. "आत माणूस आहे."