अकरा किलोमीटर

नरहररावांनी ब्रेक दाबला आणि मागून ढुशी आली नाही.

रस्त्यात शेळ्यांचा कळप आडवा आला होता. मुरमाचा उतार, पुढं बोलेरो, मागं साडेचारशे किलोचा ट्रेलर. अशा वेळी ब्रेक लागला की मागचा डबा पुढच्याला ढुशी देणारच. पस्तीस वर्षं रायपूरच्या यार्डात मालगाड्या तपासलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. त्यांनी 'फिट' म्हटल्याशिवाय तिथून गाडी हलत नसे. शेळ्या निघून गेल्या, राखणारी बाई निघून गेली, तरी नरहरराव स्टिअरिंग धरून तसेच बसले. मग उतरून मागं गेले.

मागं काहीच नव्हतं. जोडणीचं लोखंड तेवढं उन्हात चमकत होतं, आणि त्यातली अंगठ्याएवढी जाड पिन गायब होती.

"गाडी तुटली," ते पुटपुटले. चालती गाडी मध्येच दुभंगली की रेल्वेत असं म्हणतात. त्यांच्या अख्ख्या नोकरीत एकही गाडी तुटली नव्हती. निरोपसमारंभात साहेबांनी तसं बोलून दाखवलं होतं, आणि घरी आल्यागेल्याला ते वाक्य अजून ऐकावं लागे.

"वनमाला, घात झाला वं!" त्यांनी मागचं दार उघडलं.

सीटवर शाल होती, अर्धं सोललेलं संत्रं होतं, मोबाईल होता. वनमालाबाई नव्हत्या.

नरहररावांनी शाल उचलून पाहिली. शालीखाली बायको कशी असेल, हे कळत असूनही पाहिली. पलीकडचं दार उघडून पाहिलं, ते बंद करून पुन्हा उघडलं. आपला मोबाईल काढला, तर टॉवर नव्हता. आणि असता तरी तिचा फोन इथंच वाजला असता.

शेवटचा थांबा नाल्याकाठी, मोहाच्या झाडांखाली. तिथून निघताना ती मागं बसली होती ना? बसलीच असणार. दार वाजल्यासारखं वाटलं होतं. का ती ट्रेलरमध्ये जाऊन आडवी झाली, आणि आपण तसेच निघालो? मग तो कुठल्या तरी उतारावर सुटला, आणि आत ती. त्यापुढचं त्यांना मनातही आणवेना. बोलेरो वळवताना दोनदा बंद पडली.

हा ट्रेलर म्हणजे त्यांच्या म्हातारपणचं लेकरू. पियुषनं, त्यांच्या मुलानं, बंगलोरहून व्हिडिओ पाठवला होता. पाण्याच्या थेंबासारखा गोल डबा, आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर, आणि चाकं अशी की जंगलात कुठंही न्यावा. नरहरराव म्हणाले, यात काय आहे, हे तर मी बनवतो. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चार महिने उभं राहून त्यांनी तो बनवून घेतला. पत्रा त्यांचा, रंग त्यांचा, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या पडद्याचं कापडही त्यांच्याच पसंतीचं. वनमालाबाईंनी गोल बाजारातून चिनी मातीचे दोन कप तेवढे आणले.

मग रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर पंधरा दिवस तालीम चालली. बाईंना जोडणं-सोडणं बारा वेळा करायला लावलं. सोडताना आधी चाकांना दगड, मग पुढचा टेकू, मग साखळी, शेवटी पिन. त्याच क्रमानं. घरी परतताना नरहरराव दरवेळी म्हणत, "असा बनला आहे, की मागं काही आहे असं वाटतच नाही."

आता तेच वाक्य त्यांना आठवलं.

प्रत्येक वळणावर ते गाडी हळू करून दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांत वाकून पाहत होते. एका साजाच्या झाडामागं पांढरं काही दिसलं आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. खताची गोणी होती. पुढं ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर, रपट्यावर, उतरून त्यांनी खालच्या पाण्यात पाहिलं. पाणी घोट्याएवढं होतं, तरी पाहिलं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट मघापासून टोचत होती. इथवर येताना आपण गप्प नव्हतो. मुक्कामाचं धरण किती वाजता येईल, ट्रेलरपुढं कनात कुठं बांधायची, पियुषनं नोकरी बदलायला नको होती, हे सगळं आपण तिला सांगत आलो. ती एकदाही बोलली नाही, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती अशीच तर असते. गेल्या वर्षी तिनं हट्टानं त्यांचे कान तपासून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, ऐकणं एकदम उत्तम आहे. घरी येताना बाई रिक्षात खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या. नरहरराव मात्र तो कागद चारचौघांना दाखवत फिरले होते.

नाला दिसला. मोहाची झाडं दिसली. खाली थांब्यावर, जिथं उभा केला होता तिथंच, ट्रेलर उभा होता. मागचं झाकण वर केलेलं, शेगडी पेटलेली, आणि स्टुलावर बसून वनमालाबाई चहा ढवळत होत्या.

नरहरराव गाडीतून उतरले ते जवळजवळ पडलेच. त्यांनी आधी तिचे हात पाहिले, मग पाय, मग चेहरा.

"लागलं नाही ना तुले कुठं?"

"मले काय होते?"

शेजारच्या दगडावर ते बसले, पण खोड जाते कुठं? पुन्हा उठून जोडणीपाशी वाकले. चाकांना दोन्हीकडून दगड लावलेले. टेकू खाली. साखळी आकड्याला अडकवलेली. पिन पुसून, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेली. कुठं तडा नाही, कुठं वाकलेली नाही. त्यांचं काम पक्कं होतं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण म्हणजे पिन सुटली नव्हती, कोणीतरी काढली होती.

"तू काढली?"

"हव. तुम्ही त्या मोह वेचणाऱ्या बाबाले अर्धा तास तुमचा डब्बा समजावून राहिले होते. तवा काढली."

"पण काहून?"

"सांगतलं होतं ना मी. तीनदा सांगतलं." बाईंचा आवाज चढला नाही. "आज इथंच राहू म्हटलं. नाही तर मी राहते, तुम्ही धरण पाहून या म्हटलं. तिसऱ्या वेळी तुम्ही चाकाची हवा पाहून राहिले होते. 'हव, हव' म्हटलं तुम्ही."

'हव, हव' नरहररावांना आठवलं. पुढच्या चाकापाशी वाकून, मान न वळवता म्हटलेलं. त्याआधी ती काय बोलली, ते काही केल्या आठवेना. तीनदातलं एकदाही नाही.

"कुठवर गेले होते?" बाईंनी विचारलं.

जवळच होतो, लगेच ध्यानात आलं, असं सांगता आलं असतं. पण थांब्यावर मीटरचा आकडा वहीत लिहायची सवय त्यांची स्वतःची, आणि ती वही पुढच्या सीटवर उघडीच पडलेली.

"अकरा किलोमीटर," ते म्हणाले.

चहा गाळणारा हात थांबला नाही.

"मले वाटलं, धरण आल्यावरच समजन तुम्हाले."

त्यात राग असता तर त्यांना बोलता आलं असतं. बाईंनी हिशेबानं अंदाज केला होता, आणि तो चुकला म्हणून त्यांना थोडं नवल वाटलं होतं, इतकंच. फळीवर एकच कप होता. नरहररावांची नजर त्या कपावर गेली आणि तिथून हलेना. लाज वाटली, भीतीही वाटली, आणि यांतली कुठली आधी हे त्यांना कळलं नाही.

"पहिले ते गाडी बंद करा," बाई म्हणाल्या.

मघापासून बोलेरो तशीच घुरघुरत उभी होती. त्यांनी जाऊन किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. नाल्याचं पाणी ऐकू आलं, पलीकडे कोणीतरी टोपली आपटली ती ऐकू आली. वहीकडे न पाहता ते परत आले आणि तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसले.

"आता सांग," ते म्हणाले. "इथं काहून राहायचं होतं तुले?"

नरहररावांच्या तोंडाशी सवयीनं पुढचं वाक्य आलं होतं, ते त्यांनी गिळलं. आणि वाट पाहत राहिले.

"मोहाचं फूल पहाटे पडते," बाई म्हणाल्या. "माहेरी आम्ही अंधारातच टोपल्या घेऊन जाऊन बसत होतो झाडाखाली. लग्नानंतर पाहिलंच नाही मी ते."

मग त्यांनी झाकणातल्या खणात हात घातला आणि दुसरा कप काढला.