मधला स्क्रू

सासूबाई आल्या त्या चार महिन्यांच्या बोलीवर. खालच्या जबड्यात दोन कायमचे स्क्रू हिरडीखाली पुरले होते. त्यांना हाड धरेपर्यंत तोंड बोडकं दिसू नये म्हणून मध्ये एक बारीक, तात्पुरता स्क्रू आणि त्यावर दिखाऊ दात.

"मधला पाहुणा आहे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "चार महिन्यांनी सहज निघेल."

सासूबाईंनी त्याच दिवशी परतीचं तिकीट काढलं. सुनेनं कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल केला.

"हाड लवकर धरावं म्हणून काय करायचं?" तिनं फार आस्थेनं विचारलं होतं.

"हलू द्यायचं नाही. स्क्रू हलला की भोवती नुसता मऊ पडदा धरतो. न हलला तर हाड येऊन चिकटतं."

मग काय, सून हात धुऊन मागे लागली. सात महिन्यांच्या लेकीसाठी भाज्या उकडून, गाळून लगदा होतच होता, त्यात एक वाटी वाढली. दोघींना एकाच वेळी भरवणं सुरू झालं.

"मीठ विसरलीस की मुद्दाम?"

"बाळाला मीठ चालत नाही, आई."

"मी बाळ आहे का?"

"दात मोजले तर तिचे दोन जास्त भरतील."

सासूबाई हसल्या नाहीत. दात हलला असता. पण दुपारी त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि दोन तास तशाच बसून राहिल्या. सुनेनं किती महिन्यांनी आपल्या कामाचा, घरांच्या नकाशांचा कागद टेबलावर पसरला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या महिन्यात तिनं लेकीचं लाळेरं वाळत घालायला नेमका कॅलेंडरचा खिळा निवडला. लाल गोल त्याखाली गेला.

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मधल्या स्क्रूला पाना लावला. फिरवला. मग उभं राहून फिरवला.

"कमाल आहे. यालाही हाडानं धरलंय. काय खाऊ घालत होतात?"

"लगदा," सून ओशाळून म्हणाली.

"भलतंच मन लावून घातलात. आता काढायचा तर हाड कोरावं लागेल. नाहीतर राहू द्यायचा आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. बोला."

सासूबाईंच्या तोंडात पाना होता. त्या नुसत्या सुनेकडे बघत राहिल्या.

सुनेनं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "राहू दे की," ती म्हणाली. "कुणाला अडचण होतेय त्याची?"

पाना निघाला. सासूबाईंनी चूळ भरली, सावकाश तोंड पुसलं.

"तुलाच होत होती. लाल गोल केला होतास."

"तुम्ही कधी पाहिलात?"

"लाळेरं रोज धुवायला कोण काढतं?"

डॉक्टरीणबाई पुढची तारीख लिहू लागल्या.

"आणि आजपासून," सासूबाई खुर्चीतून उतरत म्हणाल्या, "माझ्या वाटीत मीठ घालत जा."