पाणवठा विशेषांक

तात्यासाहेब आठवले की आधी त्यांचा कान आठवतो. नगरच्या आमच्या महाविद्यालयातली पश्चिमेची खिडकी, तिच्यातून तिरपं उतरणारं वैशाखाचं पिवळं ऊन, आणि त्या उन्हात पळसाच्या पाकळीसारखी तांबूस उजळलेली त्यांच्या कानाची पाळी. मागे तळहात धरलेला. त्यांना कमी ऐकू येत नव्हतं बरं का! समोरच्याचा एकही शब्द वाटेत सांडू नये, म्हणून तो हात असे.

प्रादेशिक राजकारणाला वाहिलेलं एक त्रैमासिक ते संपादित करीत, आणि मी त्याच महाविद्यालयातली नवखी अधिव्याख्याती. विशेषांकाचा विषय कुणीही सुचवावा, पण संपादक मंडळापुढे ठेवण्याआधी तो लोकांत बोलून पाहावा, असा त्यांचा दंडक होता. चार माणसं टेकलेली दिसली की तिथे विषय काढायचा. लोक हिरिरीने भांडले तर विषय पास. विद्वानांना भावणारे आणि लोकांच्या गावीही नसलेले कितीतरी जडजंबाल विषय त्यांनी असे वाटेतच गाळले होते.

त्या दुष्काळाच्या वर्षी मी ‘पाणवठा’ हा विषय सुचवला. विहिरीवर पहिली घागर कुणाची, शेवटची कुणाची, आणि दूर नुसतं उभं कुणी राहायचं, यातच गावाचं सारं राजकारण सामावलंय, असं माझं म्हणणं. ते पुस्तकातून आलं नव्हतं. शेवगावकडच्या एका खेड्यात माझी आई उभा जन्म रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब थांबली होती, ‘वाढा माय पानी’ म्हणत. आम्ही दीक्षा घेतली, बौद्ध झालो, मी एम.ए. झाले, तिची थांबायची जागा मात्र तसूभर हलली नाही. तिचं ते थांबणं विद्या म्हणून छापलं जावं, एवढीच माझी आस होती. मंडळातल्या एका ज्येष्ठांच्या कानावर हे गेलं, तसे ते हसले. “अहो बाई, पाणी भरणं हे का राज्यशास्त्र? साखर कारखान्यांच्या निवडणुका घ्या की!”

दोन्ही विषय घेऊन तात्यासाहेब आणि मी रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलो. दुपारची सुट्टी होती. बाभळीच्या विरळ सावलीत माणसं भाकरीची फडकी सोडून बसली होती. तात्यासाहेबांनी कारखान्याचं नाव काढलं मात्र, जे रान पेटलं! “मतं आमची अन् चेरमन त्येंचा, ह्ये कसलं विलेक्शन हाय?” एक म्हातारा कडाडला. दुसरा त्याच्यावर तावातावाने धावून गेला, आणि बायका पदराआड हसू लागल्या. मग मी विचारलं, तुमच्या गावात विहिरीवर पहिली घागर कुणाची?

एकीने अर्धी भाकरी परत फडक्यात बांधली. दुसरी उठली, हातोडी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, तेवढं सोडून काय बी इचारा.” सुट्टी संपली नसतानाच खडीवर हातोड्या वाजू लागल्या.

परतीच्या एस.टी.त मला रडू आवरेना. माझी आई नापास झाली, असंच मला वाटत होतं. तात्यासाहेब खिडकीबाहेरच्या करपलेल्या शिवाराकडे बघत होते, आणि हात अजून कानामागे होता.

बैठकीत ज्येष्ठांनी मिशीत हसत विचारलं, “मग, लोक कशावर भांडले?”

“कारखान्यावर,” तात्यासाहेब म्हणाले. “पण भांडण ऐकायला आपलं त्रैमासिक कशाला? ते एस.टी. स्टँडवर फुकट मिळतं. सुमनबाईंच्या प्रश्नावर माणसं जेवता जेवता उठली. ज्याची बोलायची चोरी, ते छापायला आपण बसलोय ना?” इतकी वर्षं पाळलेला दंडक त्या भल्या माणसाने माझ्या आईसाठी मोडला.

अंक निघाला. गावी जाऊन मी तो आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “लई चांगलं लिवलंय गं,” ती म्हणाली. “मंग आता मला घागर बुडवू देत्याल का?”

मी अंक मिटून पिशवीत ठेवला. नगरला परतून तिचा प्रश्न मी तात्यासाहेबांना जसाच्या तसा सांगितला. ते म्हणाले, “पुढच्या विशेषांकाचा विषय तुमच्या आईंनी सुचवलाय. त्यांना माझा नमस्कार सांगा.” तो नमस्कार सांगितला तर आई केवढी लाजली! “अगं बया, मला?” म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली.

आज दोघंही नाहीत. संपादकाच्या त्या खुर्चीत आता मी बसते. खिडकीतून तेच तिरपं ऊन येतं, कुणी नवखी मुलगी चाचरत विषय मांडते, आणि माझा हात आपसूक कानामागे जातो. तात्यासाहेबांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही. काळ माणसं नेतो, त्यांचे आवाजही हळूहळू पुसतो. पण आपलं कुणीतरी कधीकाळी मन लावून ऐकलं होतं, हे त्याला नेता येत नाही, आणि त्या आठवणीच्या काठावर माझी आई घागर घेऊन अजून उत्तराची वाट बघते आहे.