रविवारची रायफल

नवऱ्याची रायफल माझ्या कपाटात पडद्याच्या कापडामागे उभी असायची. वर्षानुवर्षं ती तशीच उभी राहिली असती, पण तिला महिन्यातून एकदा पाहुणा यायचा. पाहुणा तिच्याकडे येतो, माझ्याकडे नाही, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

पाहुण्याचं नाव हुकमी. हे नाव माझ्या नवऱ्यानं पाडलेलं. दोघं तरुणपणी बरोबर शिकारीला जायचे, आणि या गृहस्थांची एकही गोळी कधी कुठल्या जनावराला लागली नाही, म्हणून हुकमी. पुढे शिकारीवर बंदी आली, रायफल कपाटात गेली, आणि काही वर्षांनी नवराही गेला. भेटायला आलेली माणसं पांगल्यावर हुकमी तेवढे मागे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, रायफलीची काळजी करू नका. तिच्याकडे मी बघेन." पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेवणं उरकायच्या सुमाराला, तेलाची बुधली आणि लांब गज घेऊन दारात हजर. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. नवरा धरून.

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे वर आले की आधी खुर्चीत बसून धापा टाकायचे. तोवर मी टेबलावर वर्तमानपत्र पसरायची, रायफल आणून ठेवायची. मग ते गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळणार, तेलात बुडवणार, आणि नळीच्या तोंडातून गज आत-बाहेर, आत-बाहेर. मी शेजारी मशीनवर पडद्यांना चुण्या घालत बसायची. पडदे शिवणं हा माझा धंदा, त्यामुळे तोंड रिकामं असतं. कुणाचं काय ऑपरेशन झालं, खालच्या मजल्यावरच्यानं कशी भिंत पाडली, असल्या गप्पा. कधीकधी तासभर चकार शब्दही नाही, नुसतं माझं मशीन आणि त्यांचा गज. मग चहा. मग "चला, आता महिनाभर काळजी नाही," असं म्हणून ते जायचे, आणि महिनाभर माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी खोकायचंसुद्धा नाही.

चिंध्या नवऱ्याच्या जुन्या बनियनच्या असायच्या. "यापेक्षा मऊ कापड नाही," असं हुकमींचं मत. पण माणूस गेल्यावर त्याची बनियनं किती दिवस पुरणार? ती संपली तेव्हा मी बाजारात जाऊन एक नवं बनियन घेतलं. दुकानदारानं माप विचारलं, तर मी नवऱ्याचं सांगून मोकळी. घरी आणून ते इतक्यांदा धुतलं, उन्हात टाकलं, पुन्हा धुतलं, की बिचाऱ्याचा रंगच उडाला. मग फाडलं. माझ्यासारख्या कापड जाणणाऱ्या बाईनं कोरं बनियन फाडावं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. त्यानंतरही मी अशी बनियनं आणत राहिले.

तर रायफलीच्या परवान्याची मुदत संपत आली आणि मुलीनं फोनवर माझं डोकं खायला सुरुवात केली. ती लांब असते, त्यामुळे सल्ला फोनवरूनच देते.

"आई, विकून टाक ती. चोर आला तर तू त्याच्यावर बंदूक रोखणार आहेस का? बस म्हणशील, चहा टाकते म्हणशील."

"येऊ दे की. कुणीतरी येईल तरी."

"हे बघ, असं बोललीस की मला रात्रभर झोप लागत नाही."

मला वाईट वाटलं. तिचं चुकत नव्हतं. परवान्याच्या कचेरीचे खेटे माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि घरात हत्यार म्हणजे जीवाला घोर. पण रायफल गेली तर हुकमी कशाला येतील, हे मी मुलीला सांगू शकत नव्हते. आईला एका म्हाताऱ्या मेकॅनिकची वाट बघायची असते हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तसलं काही नव्हतंच. मला फक्त महिन्यातून एकदा दुसऱ्या माणसाचा आवाज घरात हवा होता.

निदान किंमत विचारून येऊ म्हणून मी पडद्याच्या कापडाची खोळ शिवली, तिच्यात रायफल घातली आणि टॅक्सीनं बंदुकांच्या दुकानात गेले. दुकानदारानं खोळीचंच आधी कौतुक केलं. मग रायफल उघडली, दिव्यासमोर धरली आणि नळीत डोळा लावला. बराच वेळ त्यानं डोळा काढला नाही.

"बाई, ही साफ कोण करतं?"

"यांचे मित्र. दर महिन्याला." मी जरा अभिमानानंच सांगितलं.

"तरीच. आत आटे असतात, गोळीला फिरकी देणारे. ते तोंडापाशी पार झिजलेत. गोळ्या झाडून नाही हो, गज घासून घासून. वापरात नसलेल्या रायफलीला वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवला की पुरे. आता ही भिंतीवर लावायच्याच कामाची. एक हॉटेलवाला शोभेला मागतोय, नळी बुजवून त्याला देता येईल."

"हे शिकाऱ्यांना माहीत असतं?"

"ज्यानं एकदा बंदूक हातात धरली, त्यालाही माहीत असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नवऱ्यानं लेकराला जपावं तशी जपलेली वस्तू या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत वाटोळी केली, वर माझा चहा पिऊन. विचार करून कळवते म्हणाले आणि रायफल उचलून निघाले. टॅक्सीत मी त्यांना काय काय सुनवायचं याची तयारी करत होते. निम्म्या वाटेत एकदम माझ्या लक्षात आलं की हुकमींना हे पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. वर्षातून एकदाच यायचं तर त्यांनाही जड गेलं असतं. मग सुनवायचं सगळं तिथेच राहिलं आणि मी पदरानं डोळे पुसले. टॅक्सीवाल्यानं विचारलं, बाई, बरं वाटत नाही का?

रविवारी हुकमी आले. धापा टाकून झाल्या. मी रायफल टेबलावर ठेवली, चिंधी दिली, मशीनवर मात्र बसले नाही.

"भावोजी, मी दुकानात जाऊन आले. त्यानं नळी बघितली."

गुंडाळलेली चिंधी त्यांनी परत उलगडली. "मग कळलंच असेल."

"कळलं."

"तो असता तर माझ्या पाठीत दस्ता घातला असता."

"मीही घालणार होते. टॅक्सीत विचार बदलला." मी म्हणाले, "आणि हे बनियन यांचं नाही. यांची कधीच संपली. मी नवी आणून फाडते."

त्यांनी चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा पडला. दोघांचं बिंग एकदमच फुटलं आणि दोघांनाही आता हातात काय धरावं ते कळेना. मी सरळ विचारून टाकलं.

"ही विकली तर तुम्ही याल?"

कुणीही पटकन "येईन की" म्हटलं असतं. त्यांनी खरंच विचार केला, आणि त्याचाच मला राग आला.

"माहीत नाही वहिनी. घरातून निघताना सून विचारते, कुठे निघालात? रायफल साफ करायला, असं सांगतो. मुलगा म्हणतो, जाऊ दे त्यांना, मित्राचं काम आहे. आता काय सांगू? नुसतंच जातो म्हणू?"

"म्हणा."

"जमेल असं वाटत नाही."

चहा न घेता ते गेले. बुधली विसरले नाहीत.

त्या दिवशी मी खूप रडले, हे सांगायला मला लाज नाही. मग चिडले. उभं आयुष्य सरलं तरी दोन माणसांना समोरासमोर बसायला मध्ये एक बंदूक लागते, म्हणजे काय? आणि उघडं पडल्यावर तिचा आडोसाही राहिला नव्हता. पुढच्या वेळी त्यांनी कुठल्या तोंडानं गज घातला असता आणि मी कुठल्या तोंडानं बघितलं असतं? दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन केला आणि हॉटेलवाल्याला देऊन टाक म्हटलं. खोळही देऊन टाकली. मुलीनं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मी कपाटातल्या मोकळ्या जागेत कापड सारून ठेवलं.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. मी जेवण आटोपलं. मशीनवर बसले, पण चुण्या कमीजास्त व्हायला लागल्या. जिन्यात पाऊल वाजलं, ते खालीच थांबलं. खालच्या मजल्याचा माणूस होता. चहाची वेळ झाली, टळली. हुकमी येणार नव्हते. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, जमणार नाही असंच म्हणाले होते.

मग मी मशीनवर झाकण घातलं, केस विंचरले आणि त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. वाटेत दोनदा वाटलं, काहीतरी हातात घेऊन जावं, पडद्याचं माप घ्यायला आले म्हणावं. टेप पर्समध्ये होतीच. ती मी बाहेर काढली नाही.

दार सुनेनं उघडलं. मी कोण ते सांगितलं.

"अच्छा, त्या रायफलवाल्या काकू? बाबा आज गेले नाहीत. सकाळपासून गप्प आहेत. काही बिघडलं का रायफलीचं?"

"रायफल विकली."

"मग काही काम होतं का?"

तिच्या मागे आतल्या खोलीच्या दारात हुकमी येऊन उभे राहिले होते. अंगात नुसतं बनियन, दाढी वाढलेली. माझा आवाज त्यांनी ऐकला असणार. मी काय सांगते याची ते वाट बघत होते.

"काम काही नाही," मी सुनेला म्हणाले. "बसायला आले."

सून बाजूला झाली. हुकमी घाईघाईनं शर्ट शोधायला आत वळले, आणि मी चपला काढल्या.