तारखेचा रकाना

१९५७ सालची गोष्ट. आदल्या वर्षी दसऱ्याला माझे वडील कवडू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आमच्या वस्तीने गावातली मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तेव्हापासून पवनारच्या अलीकडचं आमचं गाव आमच्याशी तुटून वागत होतं. मी वर्ध्याच्या शाळेत मॅट्रिकला होते. इंग्रजी कच्चं होतं.

गावात रूपराव गुरुजी होते, कुणब्याच्या घरचे. पेन्शनीत निघालेले, बायको गेलेली. थोरली विधवा बहीण आनंदाबाई घर सांभाळी. गुरुजींनी आपण होऊन वडिलांना निरोप धाडला, "पोरीले संध्याकाळी पाठवजो."

ते मला ओसरीवर आपल्याच सतरंजीवर बसवत. तासभर व्याकरण झालं की एक जाड वही काढत. तीस वर्षांत त्यांनी आडवळणाची इंग्रजी क्रियापदं जमवली होती, प्रत्येकापुढे त्याचं मूळ. ऐकायला कुणी नव्हतं.

"परीक्षेत येत नाई हे. पन ऐक, ताना."

टँटलाइझ, म्हणजे दाखवून तरसवणं. एक ग्रीक राजा गळ्याइतक्या पाण्यात उभा. प्यायला वाकला की पाणी खाली सरकायचं.

"मंग तो राजा आमच्याच वस्तीतला दिसते, गुरुजी. विहीर पुढ्यात अन् हात लावता येत नाई."

ते हसले आणि वहीचं पान उलटलं.

ऑस्ट्रसाइझ, म्हणजे वाळीत टाकणं. जुन्या ग्रीसमधले लोक खापरावर माणसाचं नाव कोरत. ज्याच्या नावाची खापरं पुरेशी जमली, तो दहा वर्षं हद्दपार. गुरुजींनी फुटक्या माठाचं खापर माझ्या हातात दिलं. "कोनाचं नाव लिवशीन?"

मला कुणाचंच सुचेना.

"तुया हातून नाई व्हायचं हे," ते म्हणाले.

डिसेंबरात बबनराव पाटलांकडे लग्न झालं. दुसऱ्या दिवशी आनंदाबाई मला अंगणातच भेटल्या. "काल पंगतीत रूपाचं पान नाई मांडलं त्यायनं. उभा राहून परत आला. तू येतं म्हनून. मी तुले येऊ नोको नाई म्हनत, माय. फक्त सांगून राह्यली."

ओसरीवर सतरंजी अंथरलेली दिसत होती. मी तशीच परतले आणि पुन्हा गेले नाही. वाटलं, आपण गेलो नाही की गाव त्यांना जवळ करेल. त्यांना विचारलं नाही, कारण ते नको म्हणाले असते. परीक्षेपर्यंत मी शाळेतून धाम नदीच्या काठाने लांबून घरी येई. ती ओसरी वाटेत पडू नये म्हणून.

मी पास झाले. पुलगावला इंग्रजीची शिक्षिका झाले, निवृत्त होऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. वडील १९७१ साली वारले. बबनरावांचा नातू माझ्या वर्गात होता. त्याची चौकशी करायला ते एकदा घरी आले आणि चहा घेऊन गेले. गुरुजी १९६३ साली गेले. गावाने त्यांना त्या लग्नानंतरच्याच उन्हाळ्यात पुन्हा पंगतीला बोलावलं होतं. ते गेले नाहीत, असं आनंदाबाईंनी सांगितलं. वही त्यांनीच माझ्याकडे आणून दिली. मग त्या भाच्याकडे हिंगणघाटला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या.

वहीतला शेवटचा रकाना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. 'तानाला सांगितले', आणि खाली तारखा. डिसेंबरनंतरही गुरुजी मुळासकट क्रियापदं लिहीत राहिले होते. एकशे बारा. त्यांच्यापुढचा रकाना कोरा आहे.