सात पानांचा फुटवा

एकोणतीस वर्षं मी सरकारी कचेरीत फायलींवर शेरे मारले. त्यामुळे चूक कुणाची हे मला समोरच्याच्या आधी कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. माझा नवरा अंकुश याला ‘साहेबीण अंगात येणं’ म्हणतो. म्हणू दे. त्याच्या पगाराची स्लिपसुद्धा मीच तपासायचे आणि दोनदा चूक सापडली होती.

नेरूळचं आमचं घर म्हणजे सिडकोचं रो-हाउस. पुढची बाग चार चटया अंथरल्या की संपली. तिच्यात फाटकाजवळ सासूबाईंचा गुलाब होता. सासूबाई, म्हणजे चांगुणाबाई, महाडकडच्या. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा सगळं सामान टेम्पोतून आलं, पण ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी आई मांडीवर घेऊन आल्या. तीच रुजली. गावठी गुलाब. फूल छोटं, फिकट, पाकळ्यांनी गच्च, सकाळी तोडलं की संध्याकाळी मान टाकणारं. पण वास असा की दाराची कडी काढताच आधी तो आत यायचा. पौर्णिमेच्या बुद्धवंदनेला त्याच झाडाची फुलं, हा आईंचा नेम होता.

खरं सांगायचं तर मला त्या झाडाची लाज वाटायची. झुडूपच ते, शिस्त कशाची? जमिनीतून वाटेल तिथं फुटायचं, येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर धरायचं. आमच्या बागेच्या ग्रुपवर लोक वाटीएवढ्या गुलाबांचे फोटो टाकायचे आणि माझ्याकडे हे ध्यान. शेवटी पाच वर्षांपूर्वी एका रविवारी मी वाशीला गुलाबांची कार्यशाळा केली. प्रमाणपत्र मिळालं, ते लॅमिनेटही करून घेतलं.

तिथं शिकवलं की गुलाब कलमी असतो. खाली जंगली मूळ, त्यावर चांगल्या जातीचा डोळा बांधलेला. सांध्याच्या खालून फुटवा आला तर तो जंगली, वरचं झाड उपाशी मारतो, दिसला की कापायचा. ओळखायचा कसा? पानं मोजायची. एका देठावर पाच असली तर गुलाब, सात असली तर जंगली.

घरी आल्या आल्या मी खाली वाकून मोजली. सात.

तेव्हा आई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची कॉट आम्ही बागेकडच्या खिडकीशी लावली होती. मी कात्री चालवताना पाहून त्या आतून म्हणाल्या, “अगो राजश्री, खालचं कापू नको. तेच पुढं फुलतं.”

“आई, तुम्हाला नाही त्यातलं कळायचं. मी शिकून आलेय.”

त्या “बरं” म्हणाल्या. त्यानंतर झाडाविषयी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझं त्यांना पटलं, असं मी धरून चालले. मी दर रविवारी फुटवे कापायचे आणि सोमवारच्या घंटागाडीसाठी फाटकाशी ढीग करून ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. त्यानंतर मी निवृत्त झाले आणि झाडामागे हात धुऊन लागले. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, फवारण्या केल्या. फुलं मात्र कमीच होत गेली. मागच्या वर्षी मोजून चार आली. या हिवाळ्यात एकही नाही. एक जाडजूड जुनं खोड तेवढं उरलं, तेही वरून काळं पडत चाललेलं.

पौर्णिमेला अंकुश स्टेशनजवळून फुलं आणायला लागला. ती पुडी बघून मला लागायचं. एकदा सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेले तर तो त्या खोडाशी उकिडवा बसून नखानं साल खरवडत होता. हिरवं दिसतंय का बघत होता.

“आहे का ओल?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “जाऊ दे. जुनं झालेलं.”

मला एकदम भीती वाटली. आईंच्या हातचं जिवंत असं एवढंच तर उरलं होतं घरात, आणि ते माझ्या देखरेखीखाली जात होतं. मी ग्रुपवर फोटो टाकला. मदत मागण्याची ही माझी पहिलीच वेळ. ग्रुपवर दिनानाथ नावाचे एक गृहस्थ आहेत, कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले. ते एरवी फारसं बोलत नाहीत. त्यांनी एकच प्रश्न टाकला: ‘याला कलमाचा सांधा आहे का? माती उकरून बघा.’

मी हातांनीच उकरलं. सांधा म्हणजे खोडावर गाठ दिसते, ती मी शोधत गेले. वीत-दीड वीत खाली गेले तरी गाठ नाही. वरून खालपर्यंत एकच साल, एकच लाकूड. दिनानाथांना कळवलं तर त्यांनी लिहिलं: ‘मग हे झाड स्वतःच्या मुळावर आहे. याचा जमिनीतून येणारा फुटवा म्हणजे हेच झाड. जुनं खोड थकतं, नवं खालून येतं. जुन्या देशी गुलाबांना सात पानं असतातच.’

मी तिथंच मातीत बसले. पाच वर्षांचे रविवार. झाडानं दर वेळी नवं काढावं आणि मी दर वेळी ते छाटावं. घरातल्या एकमेव जाणत्या माणसानं खिडकीतून सांगितलं होतं, तिला मी माझं प्रमाणपत्र ऐकवलं. माझी मलाच शरम वाटली. लिपिक असताना इतकी मोठी चूक कुणाच्या फायलीत सापडली असती तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

मी तशी बसलेली असतानाच फाटकाशी हाक आली, “मांदेली हाय, करंदी हाय!”

करावे गावची ठमाबाई. आमच्या गल्लीत पंचवीस वर्षं मासळी घेऊन येते. टोपली उतरवायला ती वाकली आणि मला तो वास आला. मासळीच्या वासातून सरळ वर येणारा. मी डोकं वर केलं. तिच्या अंबाड्यात फिकट गुलाबी, छोटं, पाकळ्यांनी गच्च फूल होतं.

“ठमाबाई, हे फूल कुठलं?”

तिचा हात चटकन अंबाड्यावर गेला. “अगं बया! सुनेनं माळलं, काडाचं राहूनच गेलं. तुमच्या गल्लीत येताना मी रोज काडून येते.”

“का?”

ती माझे मातीचे हात बघत उभी राहिली. मग टोपलीवर फडकं टाकलं आणि म्हणाली, “चला, घर दाखवते.”

रिक्षात टोपली तिच्या पायाशी होती. करावे गावात तिच्या घराच्या भिंतीला लागून ओळीनं माणसाएवढी गुलाबाची झुडपं होती. भिंतीकडेला मासळीच्या जुन्या थर्माकोलच्या खोक्यांतही तीच. फुलं इतकी की कोंबड्या पाकळ्यांवरून चालत होत्या.

“तुमी कापून टाकायच्या ना ऐतवारी,” ठमाबाई सांगू लागली, “तवा चांगुनाबाय मना खिडकीतून हाक मारायची. बोलायची, ठमे, ते उचल, घरी ने, ओल्या मातीत खोच. मी टोपलीत घालून आनायची. जगल्या त्या ह्या.”

“मला का नाही सांगितलंस? झाड मेलं गं माझं.”

तिनं कोपऱ्यातलं एक खोकं पुढं ओढलं. त्यातलं झुडूप कमरेएवढं होतं, बाकीच्यांपेक्षा जपलेलं. “ह्यो तुमचा. ती जायच्या आदी बोल्ली व्हती, एक राजश्रीचा ठेव. तिनं सोता मागितला तर दे. आदी दिलास तर त्यो बी कापंल.”

मी हसले आणि हसता हसता रडू आलं. एवढं ओळखून होत्या मला. ओळखूनही माझ्यासाठी एक ठेवला होता.

“दे गं ठमाबाई,” मी म्हणाले. “मागते मी.”

“बघा हां,” ती मिस्कीलपणे म्हणाली, “जंगली हाय.”

खोकं घरी आणलं. जुन्या खोडाशेजारीच अंकुशनं खड्डा केला. झुडूप लावून झाल्यावर त्यानं एक फूल हातात धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. “आईचंच,” एवढंच म्हणाला. सगळी गोष्ट मी त्याला सांगितली, माझी चूक काहीही न गाळता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त कात्री उचलून माळ्यावर टाकली.

पंधरा दिवसांनी फाटकाजवळ मातीतून लालसर टोक वर आलं. आठवड्यात त्याला पानं आली. जुनी सवय, मी वाकून मोजलीच. सात होती. आईंची खिडकी उघडी होती, आत कॉट नव्हती, तरी मी तिकडे तोंड करून म्हणाले, “नाही कापत हो, आई.”