चाकू मिटला की उठायचं

मी लेओन्सचा घडीचा चाकू बोलतोय. हल्ली मी त्याच्या मुलीच्या, सिल्वेनच्या, एप्रनच्या खिशात असतो. माझं बोलणं कोरडं वाटलं तर राग मानू नका. मी निम्मा पोलाद आहे आणि निम्मा शिंग. दोन्हींत रक्त नाही. ज्या घरात माझा जन्म ठरला तिथली माणसंही त्या दिवसांत माझ्यासारखीच झाली होती, त्यामुळे आमचं बरं जमलं.

आमच्या फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावर ज्याच्या त्याच्या खिशात चाकू असतो. जेवायला बसलं की आपापला चाकू काढायचा, त्यानंच पाव कापायचा, सॉसेज कापायचं, चीज कापायचं. आणि घरातल्या कर्त्या माणसानं आपला चाकू मिटला की जेवण संपलं. टक् असा आवाज होतो. तो झाला की ताटात काही का असेना, सगळ्यांनी उठायचं. सिल्वेनचा नवरा जोएल खालच्या मुलखातला. लग्नानंतर पहिल्याच दिवशी चीजचा भला मोठा तुकडा त्याच्या हातात राहिला आणि टक् झालं. तो बिचारा तुकडा तोंडात कोंबून उठला आणि गोठ्यापर्यंत चघळत गेला. ही गोष्ट घरात वीस वर्षं सांगितली गेली.

लेओन्स बोलायचा कमी. चाकूचा आवाज हेच त्याचं बोलणं होतं म्हणा ना.

मग एका हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. पाय फरफटत का होईना, चालू लागला. उजवा हात मात्र बधिर राहिला. हलायचा, पण त्याला काही कळायचं नाही. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही.

त्याच्या जुन्या चाकूची कमान, म्हणजे पातं धरून ठेवणारी मुठीतली स्प्रिंग, फार कडक होती. डाव्या हातानं ती आवरेना. पहिल्या आठवड्यात चाकू दोनदा सूपात पडला. तिसऱ्यांदा सिल्वेननं बापाचं मटण लहान मुलासारखं बारीक कापून दिलं. त्यानं ताटाकडे पाहिलं, ताट उचललं आणि तो खोलीत जाऊन जेवला. त्यानंतर तो टेबलाशी आलाच नाही.

आता जेवणाला शेवटच राहिला नाही. जोएल पोट भरलं की उठायचा. सिल्वेन ताटं गोळा करायची. लेओन्सचा धाकटा भाऊ बाझील तेवढा बसून राहायचा. हा बाझील बिनलग्नाचा, सत्तरीचा, गुरांत जन्म गेलेला. टोपी गुडघ्यावर ठेवून तो रिकाम्या ताटाकडे बघत बसायचा.

"काका, उठा की," सिल्वेन म्हणायची.

"आवाज कुठं झाला?" तो विचारायचा. चेष्टेनं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, उठायचं कसं.

सिल्वेनच्या खिशात तिचा स्वतःचा छोटा चाकू होता. गोठा तीच बघायची, व्यवहार तीच बघायची. तिनं तो मिटला असता तर कुणी हरकत घेतली नसती. पण ती तो मांडीवर धरून, वर दुसरा हात दाबून मिटायची. आवाज झाला तर बाबा संपले असा त्याचा अर्थ होईल, अशी तिला भीती होती. म्हणून तिनं ठरवलं, बाबांच्या डाव्या हाताला जमेल असा चाकू करून घ्यायचा. बाबांना टेबलाशी परत आणायचं. मी जन्माला आलो तो एवढ्यासाठी.

गावात ओदील नावाची चाकू करणारी बाई आहे. पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी. नखं कायमची काळी. तिनं लेओन्सला कारखान्यात बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि मुठीसाठी हाताशी असलेलं सगळं समोर मांडलं. अक्रोडाचं लाकूड, दुसरं एक पिवळं कठीण लाकूड, हाड, पितळ, घासलेला दगड.

"डोळे मिटा, लेओन्सकाका. उजव्या हातात काय आहे ते सांगा."

"काही नाही."

तिनं वस्तू बदलली. काही नाही. पुन्हा बदलली. काही नाही. ओदीलला वाटलं होतं, निदान पितळेचा गारवा तरी कळेल. पाचही वस्तू झाल्या आणि पाचही वेळा तो त्याच सुरात तेच म्हणाला. सिल्वेन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग तिनं पिशवीतून आणलेली वस्तू बापाच्या डाव्या हातात ठेवली. एका शिंगाचं टोक होतं ते. गोठ्याच्या दाराआड खुंटीसारखं ठोकलेलं, लेओन्स त्यावर कोट अडकवायचा.

"फोव्हेत," तो डोळे न उघडता म्हणाला. "दावणीवर आपटून घेतलं होतं तिनं. इथं खळगा आहे बघ."

ती माझी मूठ. फोव्हेत ही त्याची सोळा वर्षांची गाय होती, कळपाच्या पुढे चालणारी. शिंग वरपर्यंत पोकळ असतं, फक्त टोक भरीव. एका गाईला अशी दोन टोकं. ओदीलनं ते वाफेवर मऊ केलं, दाबून सरळ केलं आणि घासलं. खळगा मात्र मुद्दाम ठेवला, डाव्या अंगठ्याखाली येईल असा.

पातं लेओन्सच्या जुन्या विळ्याचं आहे. लांब दांड्याचा, उभ्यानं गवत कापायचा तो विळा. ओदील म्हणाली, हे पोलाद थकलंय, एकटं टिकणार नाही. म्हणून तिनं ते नव्या पोलादाच्या दोन पट्ट्यांत धरलं, भट्टीत पांढरं होईपर्यंत तापवलं, ठोकलं, दुमडलं, पुन्हा ठोकलं. तेजाबात बुडवल्यावर माझ्या अंगावर करड्या रेघा उमटल्या. जुनं पोलाद काळपट, नवं उजळ. पात्याच्या पाठीवर तिनं अंगठ्यानं ढकलायला एक बारीक खुंटी बसवली, म्हणजे उघडायला दुसरा हात नको.

मोजमापासाठी सिल्वेननं जुना चाकू नेला होता. ओदीलनं त्याचं पातं उजेडात धरलं. धारेचे कण उडून मधोमध एक खोल दात पडला होता.

"हा आपटून मिटतं कोण?"

"बाबाच."

"पोलादाचा छळ नुसता. धार कमानीवर आपटते ना." ओदील जुन्या चाकूवरून बोट फिरवत म्हणाली. "मी अशी कमान घालते की मिटताना आवाजसुद्धा यायचा नाही."

सिल्वेन खूश झाली. दोघी या पठारावरच्याच, दोघी चाकूच्या आवाजावर उठून लहानाच्या मोठ्या झालेल्या. पण ओदील वर्षानुवर्षं एकटी जेवतेय, तिला कुणाला उठवायचंय? आणि सिल्वेनच्या डोक्यात तेव्हा फक्त डावा हात होता. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. मला सांगता येत नव्हतं.

रविवारी लेओन्स टेबलाशी आला. दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. सिल्वेननं आलिगो केलं होतं, बटाट्यात ताजं चीज घोटून हातभर तार सुटेपर्यंत. लेओन्सनं मला काढलं, अंगठ्यानं खुंटी ढकलली आणि मी उघडलो. त्यानं आपलं सॉसेज आपण कापलं. जोएल त्याच्या हाताकडे बघत राहिला, मग आपण बघतोय हे लक्षात येऊन दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरची काहीतरी लांबण लावून बसला. बाझीलनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सिल्वेनला इतका आनंद झाला होता की तिला घास उतरेना.

जेवण झालं. लेओन्सनं माझी पाठ मांडीवर टेकवली आणि मला मिटलं.

आवाज आला नाही. जोएलचा ड्रायव्हर अजून घाटातच होता. लेओन्सनं मला पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, या वेळी जोरानं. काही नाही. तिसऱ्यांदाही काही नाही. बाझील ताटाकडे बघत, कान देऊन बसला होता, पण त्याच्या कानापर्यंत काही पोचलंच नाही.

लेओन्सनं मला टेबलावर ठेवलं आणि तो एकटाच उठला. त्याच्यामागे कुणी उठलं नाही. त्याच्या खोलीचं दार लागलं तेव्हा कुठं सिल्वेनचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"बाबांनी मिटला कधी?" ती म्हणाली.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं माणसं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सिल्वेननं सगळं सांगितलं तेव्हा ओदील भट्टीपुढे बसली. "अठरा वर्षं मी माझ्या बापाच्या चाकूवर उठत होते," ती म्हणाली. मग तिनं माझी कमान काढली आणि दुसरी, कडक, बसवली. सिल्वेनला तिनं बजावलं की आता आवाज येईल, पण दर आवाजाला धारेचा एखादा कण जाईल. आणि एका हातानं हा मिटायचा नाही.

"बघतील ते," सिल्वेन म्हणाली.

लेओन्सला परत टेबलाशी आणायला तिला तीन आठवडे लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण तो आला. त्या दिवशी जोएल त्याच्या हाताकडे न बघता, ताटात बघत जेवला.  शेवटी लेओन्सनं माझी मूठ उजव्या हातात धरली आणि डाव्या तळव्यानं पातं दाबलं. कमान हटेना. त्यानं खांदा लावला. उजव्या हाताची तर्जनी माझ्या मुठीतल्या, पातं बसतं त्या खाचेवर आली होती. त्याला ते कळलं नाही. मला कळलं, पण मी थांबणारी वस्तू नव्हे. बोटाची कड कापून मी जागेवर बसलो.

टक्.

"चला," लेओन्स म्हणाला.

बाझील पहिला उठला. मग जोएल, मग सिल्वेन. सगळे उभे राहिले आणि तसेच टेबलक्लॉथकडे बघू लागले. ते कुठं बघताहेत म्हणून लेओन्सनंही पाहिलं.

"हे रक्त कुणाचं?" त्यानं विचारलं.

 जेवण संपलं होतं, म्हणून बाझील टोपी घालून गुरांकडे गेला. सिल्वेननं बापाचा हात फडक्यात गुंडाळला आणि जोएलनं गाडी काढली. चार टाके पडले. टाके घालतानाही लेओन्स खिडकीबाहेर बघत होता म्हणे.

मला वाईट वाटलं का, असं कुणी विचारेल. मी कापलं आणि मला काही झालं नाही. त्याचं बोट कापलं आणि त्यालाही काही झालं नाही. जे काही व्हायचं ते बाकीच्यांना झालं.

सिल्वेननं मला धुतलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. तिथं सुतळी होती, मेणबत्त्यांचे तुकडे होते, एक मोडकी चावी होती. उन्हाळा तिथं गेला. ऑक्टोबरात गुरं डोंगरावरून उतरली, त्यांच्या घंटा मी आतून ऐकल्या. वर जेवणं चालू होती, पण ती संपत नव्हती. लेओन्स आता अंथरुणाला खिळला होता. त्याच्या खोलीचं दार किलकिलं ठेवलेलं असायचं आणि ताट आत जायचं.

फेब्रुवारीत एका दुपारी आतून हाक आली. सिल्वेन दारात गेली.

"खणातला चाकू काढ," लेओन्स म्हणाला.

"नको, बाबा."

"मला नकोच आहे. तू घे."

ती दारातून पलंगाशी आली.

"बाझील रोज तास-तास बसून राहतो," तो म्हणाला. "खुर्ची सरकल्याचं मला इथं ऐकू येत नाही. माणसाला उठायला नको का?"

"मी मिटला तर..." तिनं त्याचं पांघरूण सारखं केलं. "मग तुम्ही कोण, बाबा?"

"मी आत जेवणारा," लेओन्स म्हणाला. "जोरात मिट. इथपर्यंत आला पाहिजे आवाज."

त्या दुपारी सिल्वेननं मला उघडलं. तिचा अंगठा फोव्हेतच्या खळग्यावर बसला. तिनं पाव कापला, चीज कापलं, शेवटी पावाच्या तुकड्यावर मला दोन्हीकडून पुसलं. मग दोन्ही हातांनी, डोळे गच्च मिटून, मला मिटलं.

टक्.

बाझीलची खुर्ची मागे सरकली. जोएल उठला. आणि आतल्या खोलीत चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. लेओन्सनं जेवण थांबवलं होतं. त्याच्या परीनं तोही उठला होता. सिल्वेन माझ्यावर मूठ आवळून उभी राहिली आणि रडली. 

तीन महिने असं चाललं. रोज दुपारी बाहेर मी आणि आत चमचा. मे महिन्यात, गुरं वर जायच्या चार दिवस आधी, लेओन्स गेला. दफन करून आल्यावर जेवण झालं, तेव्हा सिल्वेननं मला नेहमीच्याच जोरानं मिटलं. सगळे उठले. ती मात्र उठली नाही. ती आतल्या दाराकडे कान देऊन बसली होती.

अजून ती तसंच करते. मिटते आणि क्षणभर थांबते. मग उठते.

माझ्या धारेच्या मधोमध आता दात पडलाय, जुन्या चाकूला होता तसाच. परवा ओदीलनं तो पाहिला आणि म्हणाली, हळू मिटत जा गं, नाहीतर पाच-सहा वर्षांत पातं संपेल. सिल्वेन नुसती हो म्हणाली. माझी एवढीच विनंती आहे की तिला हे पुन्हा कुणी सांगू नये. धार जाते तर जाऊ द्या. मला कुठं काय कळतंय.

आणि कधी आमच्याकडे जेवायला आलात तर हातातलं वेळेत संपवा. ती आत्ता मला पावावर पुसतेय. बाझीलनं टोपी उचलली आहे.